जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० टाकलं, गेम चालला, आणि दर मोठ्या अपडेटनंतर पुन्हा झोपला

लक्षण असं. जुना लॅपटॉप, विंडोज ७ काढून १० टाकलेलं. पहिले काही दिवस गेम छान चालतो. मग एका सकाळी लॅपटॉप अपडेट होऊन उठतो आणि गेम एकतर उघडतच नाही, नाहीतर उघडून एकेक चित्र मोजून दाखवल्यासारखा चालतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स आणि विंडोज यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, पुन्हा टाकला की ठीक. महिना-दोन महिन्यांनी परत तेच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "लॅपटॉप जुना झाला, आता किती ओढणार?"

मी हे पाच वेळा भोगलं. त्यातले तीनदा तर सरळ फॉरमॅट मारला. चौथ्यांदा ड्रायव्हर बदलले, पण चुकीच्या रोग्याला औषध दिलं. पाचव्यांदा जरा शांत बसून पाहिलं तेव्हा कारण सापडलं.

माझा लॅपटॉप २०१२ चा. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५, प्रोसेसरच्या पोटातच इंटेल एचडी ४००० ग्राफिक्स, शिवाय एनव्हिडियाचं वेगळं जीटी ६३०एम. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. इंजिनिअरिंगला असताना बाबांनी घेऊन दिला होता, विंडोज ७ होम बेसिकसकट. होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या उदयोन्मुख बाजारांतच विकली जायची, त्यामुळे परदेशातल्या मदतीच्या लेखांत तिचा फारसा उल्लेख सापडत नाही. लातूरला कपाटात पडून होता. भाचा सुटीला आला, त्याने तो हुडकून काढला आणि लगेच तक्रार, "मामा, स्टीम चालत नाही यावर." बरोबरच होतं. स्टीम या गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या ॲपने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार काढून घेतला. मग विंडोज १० टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आधी तीन दुखणी वेगळी करा

"गेम लॅग होतो" या एका तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी लपतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. गेम पहिल्या मिनिटापासूनच संथ असेल, किंवा उघडतानाच ग्राफिक्स कार्डाबद्दल चूक दाखवून बंद होत असेल, तर ड्रायव्हर. पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास आणि मग पंखा बोंबलायला लागून गेम अडखळत असेल, तर उष्णता. तिथे ड्रायव्हर कितीही बदला, उपयोग नाही. पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. दहा-बारा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. आणि मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, हे भाच्याला रोज सांगावं लागतं.

तिसरं दुखणं फसवं आहे. गेमच काय, साधा ब्राउझरही रखडतो. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. तिथला वेग ०.८ गीगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला असेल आणि काही केल्या वर जात नसेल, तर संशय चार्जरवर किंवा बॅटरीवर घ्या. काही लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. डुप्लिकेट चार्जर लावला, किंवा पिनेतली मधली बारीक तार तुटली, की ते प्रोसेसरला मुद्दाम दाबून ठेवतात. माझ्या एका मित्राने याच कारणाने नवीन रॅम घेतली. रॅम चांगलीच होती.

हा लेख पहिल्या दुखण्याचा आहे, कारण पुन्हा पुन्हा उलटतं ते हेच.

स्वयंपाक एनव्हिडियाचा, वाढणारं इंटेल

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाची जी व्यवस्था असते तिला ऑप्टिमस म्हणतात. तिची गंमत अशी की लॅपटॉपचा पडदा बहुधा एनव्हिडियाला जोडलेलाच नसतो, तो इंटेलला जोडलेला असतो. गेमचं चित्र एनव्हिडिया तयार करतं, पण पडद्यावर ते पोहोचवतं इंटेल. स्वयंपाकघरात कितीही चांगलं शिजलं तरी वाढणारा आजारी असेल तर पंगत उपाशीच.

चौथ्यांदा मी एनव्हिडियाचाच ड्रायव्हर काढून टाकत बसलो होतो, कारण "गेमिंग म्हणजे एनव्हिडिया" हे डोक्यात पक्कं बसलेलं. बिघडलेला होता इंटेलचा. इंटेलचा ड्रायव्हर गेला की विंडोज स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावते, त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. पडदा दिसतो, वर्ड चालतं, व्हिडिओही कसाबसा चालतो. पण एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडायला गेलात तर ते म्हणतं, तुम्ही सध्या एनव्हिडियाला जोडलेला डिस्प्ले वापरत नाही आहात. हा संदेश वाचून माणूस आणखी जोमाने एनव्हिडियाचाच ड्रायव्हर टाकत बसतो. मी बसलो होतो.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे कीबोर्डवरची ब्राइटनेसची बटणं. ती मेली असतील, पडदा कमी-जास्त उजळ होत नसेल, तर इंटेलचा ड्रायव्हर गेला असं नव्वद टक्के धरून चाला. पक्कं करायला स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स उलगडा, पहिल्या नावावर डबल क्लिक करा आणि ड्रायव्हरच्या टॅबवर जा. तिथे तारीख २१ जून २००६ दिसली, तर तो विंडोजच्या पोटातला ड्रायव्हर. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरना मुद्दाम ही जुनी तारीख दिलेली असते, म्हणजे कंपनीचा कुठलाही ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा नवा ठरावा. आता भाचा फोन करून एवढंच सांगतो, "मामा, २००६ आलंय."

एचडी ४००० च्या बरोबर ड्रायव्हरचा क्रमांक १०.१८.१० असा सुरू होतो आणि पुढे चार अंक असतात. हे चार अंक जितके मोठे तितका ड्रायव्हर नवा. एनव्हिडियाचा क्रमांक वाचायची युक्ती वेगळी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये २३.२१.१३.९१३५ असलं काहीतरी लांबलचक दिसतं. त्यातले शेवटचे पाच अंक घ्या आणि तीन अंकांनंतर टिंब द्या. ३९१.३५. हाच जीटी ६३०एमच्या फर्मी घराण्यासाठीचा शेवटचा ड्रायव्हर, मार्च २०१८ चा. तुमचं कार्ड त्यानंतरच्या केप्लर घराण्यातलं असेल तर लॅपटॉपसाठी शेवटचा ४२५.३१, एप्रिल २०१९ चा. त्यापुढचा "सगळ्यात नवा" ड्रायव्हर उतरवून घेण्यात अर्थ नाही, तो या कार्डांना ओळखतच नाही. इन्स्टॉलर सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही म्हणतो आणि आपण कार्ड जळालं असं समजून बसतो.

पण पुन्हा पुन्हा का उलटतं?

इथे मला बराच वेळ लागला. माझ्या पेनड्राइव्हवरची विंडोज १० जुन्या आवृत्तीची होती, म्हणून टाकल्यावर मोठे अपडेट एकामागून एक येत गेले. मोठा अपडेट म्हणजे जवळपास नवी विंडोज. घर बदलताना जसं सामान पुन्हा लावतात, तसे ती सगळे ड्रायव्हर नव्याने लावते. एखादा बसला नाही की बेसिक अडॅप्टर.

हे एक कारण. दुसरं जास्त छुपं आहे. दोन ड्रायव्हरांपैकी कुठला घ्यायचा हे ठरवताना विंडोज आधी तारीख बघते असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ड्रायव्हरची डिजिटल सही वगैरे तपासल्यावर ती आधी बघते ते हार्डवेअरचा ओळखक्रमांक किती नेमका जुळतो. तारीख त्यानंतर. इंटेलच्या साइटवरून आणलेला ड्रायव्हर सगळ्या एचडी ४००० साठी असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्या काळी दिलेला ड्रायव्हर त्याच मॉडेलचं नाव घेऊन आलेला असतो. म्हणून २०१३ चा कंपनीवाला ड्रायव्हर २०२० च्या इंटेलवाल्यावर मात करतो. विंडोज अपडेटच्या भांडारात तो जुना पडलेला असला की मशीन तो आपणहून आणून तुमच्या नव्या ड्रायव्हरवर बसवते आणि वर "अपडेट यशस्वी" म्हणते. म्हणजे यात बिघाड असा काही नाही, नियमानुसारच चाललेलं असतं. म्हणूनच नुसतं "ड्रायव्हर पुन्हा टाका" हे औषध टिकत नाही.

काय केलं ते क्रमाने

आधी दोन्ही ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवले. इंटेलचा झिप स्वरूपातला घ्या, एक्झी (थेट चालणारा इन्स्टॉलर) नको. कारण लगेच कळेल. मग वाय-फाय बंद, आणि ते खरोखर बंद. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आपण ड्रायव्हर काढून नवा टाकेपर्यंत विंडोज मध्ये शिरून तिचा बसवून मोकळी होते.

त्यानंतर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ हा अंक. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाची फुकट मिळणारी छोटी सुविधा चालवून आधी एनव्हिडिया आणि मग इंटेल, दोन्हींचे जुने अवशेष साफ केले. कंट्रोल पॅनेलमधून काढलं तरी चालतं, पण मागे तुकडे राहतात आणि तेच पुढे त्रास देतात.

नेहमीच्या मोडमध्ये परत आल्यावर आधी इंटेल टाका, त्यानंतर एनव्हिडिया. क्रम उलटा करू नका. इंटेलचा इन्स्टॉलर अनेकदा अडून बसतो, म्हणतो हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही, लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्या. कंपनीच्या साइटवर विंडोज १० चा नसतोच, तिथे ७ वरच गाडी थांबलेली. अशा वेळी झिप कामाला येते. ती एका फोल्डरमध्ये उघडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर उजवी क्लिक, अपडेट ड्रायव्हर, संगणकावर शोधा, यादीतून मला निवडू द्या, हॅव डिस्क, आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल दाखवा. हाताने दाखवलेला ड्रायव्हर विंडोज निमूट घेते.

प्रत्येक ड्रायव्हरनंतर रीस्टार्ट करा, शट डाउन नको. ऐकायला उलटं वाटेल, पण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपेत जातो आणि सकाळी तसाच उठतो. रीस्टार्टनेच तो खरा नव्याने सुरू होतो.

आता दार लावायचं. विंडोज १० प्रो असेल तर रनमधून ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट असं आत जा. तिथे "विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर देऊ नका" या अर्थाची ओळ आहे, ती एनेबल करा. एनेबल केलं की अपडेटमधून ड्रायव्हर येणं बंद होतं, सुरक्षेचे अपडेट येतच राहतात. वाक्य नकारार्थी असल्यामुळे इथे गोंधळ होतो. माझाही झाला आणि एक महिना मी ते डिसेबल ठेवून निवांत बसलो होतो.

होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे तीच गोष्ट रजिस्ट्रीतून करावी लागते. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी रीस्टोर पॉइंट करून ठेवा. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज अपडेट या कप्प्यात जा, शेवटचा कप्पा नसेल तर बनवा, त्याचं नाव सलग. त्यात ३२ बिटांचं ड्वर्ड मूल्य बनवा, नाव "एक्सक्लूड डब्ल्यूयू ड्रायव्हर्स इन क्वालिटी अपडेट", हेही सलग, मध्ये एकही जागा न सोडता, आणि किंमत १. शिवाय सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअरच्या टॅबवर डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज आहे, तिथे नो करा. नुसत्या त्या नो-वर मात्र विसंबू नका. मी आधी तेवढंच केलं होतं आणि जुना ड्रायव्हर परत आला होता.

ठरावीक हार्डवेअर क्रमांकावर ड्रायव्हर बसवायलाच बंदी घालणारी आणखी एक पॉलिसी आहे. ती सुचवणारे पुष्कळ भेटतील. ती लावली तर पुढे तुम्हालाच ड्रायव्हर बदलता येत नाही, आधी पॉलिसी काढा मग बदला. माझ्या मते घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकण्यातला प्रकार.

शेवटी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये त्या गेमची एक्झी फाइल जोडून हाय-परफॉर्मन्स प्रोसेसर निवडा. आणि टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, आलेख दिसत नाही म्हणून घाबरू नका. तो आलेख दाखवायला ड्रायव्हर डब्ल्यूडीडीएम (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा साचा) २.० किंवा पुढचा लागतो, एचडी ४००० चा १.३ वरच थांबलाय.

"पण डायरेक्टएक्स १२ दाखवतंय की!"

ड्रायव्हर नीट बसल्यावरही एखादा गेम उघडत नाही तेव्हा ही ओळ ऐकू येते. डायरेक्टएक्स म्हणजे गेम ज्यातून ग्राफिक्सशी बोलतो तो विंडोजचा भाग. डीएक्सडायग हे त्याचं तपासणीचं साधन चालवलं की पहिल्याच पानावर डायरेक्टएक्स १२ लिहिलेलं असतं. ते विंडोजबद्दल आहे, तुमच्या कार्डाबद्दल नाही. विंडोज १० सगळीकडे १२ च दाखवणार. कार्डाची खरी कुवत डिस्प्लेच्या टॅबवर फीचर लेव्हल्स या ओळीत असते, आणि त्या ओळीतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमची कमाल मर्यादा. एचडी ४००० ला तो ११_० आहे. दुसऱ्या पिढीच्या एचडी ३००० ला १०_१ वरच संपतं. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून हा आकडा वाढत नाही.

म्हणून एचडी ३००० वाल्यांनी काउंटर स्ट्राइक २ च्या नादी लागू नये, त्याला ११ लागतं. जीटीए ५ ची जुनी, म्हणजे लेगसी आवृत्ती डायरेक्टएक्स १० वरही चालते, तिथे आशा आहे. माझ्या मशीनवर ती ७२०पी आणि सगळं लो ठेवून पंचवीस-तीस एफपीएस (सेकंदाला चित्रं) देते. व्हॅलरंटच्या किमान गरजांत तर एचडी ४००० चं नावच लिहिलेलं आहे. एल्डन रिंगला फीचर लेव्हल १२ लागते, तो विषय भाच्याच्या पुढच्या लॅपटॉपवर ढकलला आहे.

मग सरळ ११ च का टाकू नये?

टाकता येतं. तपासण्या टाळून विंडोज ११ बसवणारे पेनड्राइव्ह रूफससारख्या सुविधेने पाच मिनिटांत बनतात. पण अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि आपला विषय गेमचा आहे. व्हॅलरंटचा व्हॅनगार्ड, म्हणजे फसवणूक पकडणारा प्रोग्राम, विंडोज ११ दिसली की टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतो. नसेल तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ ही चूक दाखवून दार बंद. २०१२ च्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आणणार कुठून? शिवाय ११ मध्ये कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग चालू असेल तर सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरना ते काम जड पद्धतीने करावं लागतं, आणि त्याचा भार गेमवर पडतो. जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज म्हणजे नेहमी जास्त एफपीएस, असं नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून तिच्यात नाव घालता येतं, मशीन २२एच२ वर असलं पाहिजे. यातली आपल्या फायद्याची बाब म्हणजे २२एच२ हीच १० ची शेवटची आवृत्ती. सामान पुन्हा लावायला लावणारे मोठे अपडेट आता येणार नाहीत, त्यामुळे उलटण्याचं पहिलं कारण तरी गेलं.

काही दुकानांत "गेमिंग सुपरलाइट" नावाची कापून हलकी केलेली विंडोज टाकून देतात. तिच्यात अपडेटच काढलेले असतात, म्हणून ड्रायव्हर टिकतो आणि माणूस खूश होतो. कोणी काय कापलं, काय घातलं हे कळायला मार्ग नाही, आणि त्याच मशीनवरून घरातलं कोणीतरी बँकेचं खातं उघडतं. मी टाकणार नाही.

पैसे घालायचेच असतील तर आधी साटा एसएसडी, मग रॅम. इंटेलचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच घेतं, म्हणून ८ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या, दोन्ही वाटांनी एकदम ये-जा होते. घेताना पट्टीवरचं वाचून घ्या. तिसऱ्या पिढीपर्यंत साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ चालते, चौथ्या-पाचव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी लावली तर ते सुरूच होत नाहीत.